स्मार्ट मीटर घरी येतोय: तो काय मोजतो, कुणाला सांगतो आणि स्विच कुणाच्या हातात

मीटर बदलायला माणूस येणार असल्याची सूचना आली की घराघरांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘हे नवे मीटर पळतात म्हणे’ हे एक. ‘आता आपण घरात काय करतो ते सगळं त्यांना बसल्या जागी दिसणार’ हे दुसरं. विजेचे आणि पाइपने येणाऱ्या गॅसचे जुने मीटर काढून स्मार्ट मीटर लावायचं काम वीस-पंचवीस वर्षांपासून जगभर चालू आहे. इटलीने २००१ मध्ये सुरुवात केली आणि पाच-सहा वर्षांत तिथे विजेचे तीन कोटींच्या आसपास मीटर बदलून झाले. मग ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स असे देश एकामागून एक आले. भारताने २०२१ मध्ये २५ कोटी मीटरांचं उद्दिष्ट ठेवलं. देश बदलला तरी लोकांच्या शंका जवळपास त्याच राहिल्या.

या विषयात मी बराच काळ डोकं घातलंय, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. मीटर पळण्याची भीती लोक गरजेपेक्षा जास्त बाळगतात. घरातलं दिसण्याची भीती रास्त आहे. आणि ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त चौकशी व्हायला हवी, ती फारसं कुणी विचारत नाही: या मीटरच्या पोटात एक स्विच असतो आणि तो लांबून बंद करता येतो.

## आधी ‘युनिट’ समजून घेऊ

नळाची धार किती जोराची आहे ही एक गोष्ट आणि बादलीत किती पाणी साठलं ही दुसरी. विजेत धारेचा जोर वॅटमध्ये मोजतात आणि बादली युनिटमध्ये. १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. १० वॅटचा दिवा तेवढ्याच विजेवर १०० तास जळतो. बिल बादलीचं येतं, धारेचं नाही.

गॅसचं गणित थोडं निराळं आहे. गॅसचा मीटर किती घनमीटर वायू पाइपमधून गेला एवढंच मोजतो. त्या वायूत उष्णता किती होती हे त्याला कळत नाही. नैसर्गिक वायूचा एक घनमीटर जळला की साधारण दहा-अकरा युनिटांइतकी उष्णता मिळते, पण वायू कुठल्या साठ्यातून आला त्यावर हा आकडा थोडा खाली-वर होतो. म्हणून जिथे गॅसचं बिल युनिटांत येतं, तिथे घनमीटरांचं युनिटांत रूपांतर नंतर, कागदावर केलेलं असतं. गॅसच्या बिलाबद्दल शंका आली तर आधी मीटरवरचे घनमीटर आणि बिलावरचे घनमीटर जुळतात का ते बघावं. ते जुळले तर मीटरशी भांडण उरत नाही, रूपांतराच्या हिशेबाशी असू शकतं.

## जुन्या मीटरच्या आत काय होतं

काचेमागे गोल गोल फिरणारी ॲल्युमिनियमची तबकडी अनेकांना आठवत असेल. हंगेरीतले अभियंते ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये या जातीच्या मीटरचं पेटंट घेतलं, आणि त्यानंतर शंभर वर्षं जगातली बहुतेक घरं त्याच तबकडीवर बिल भरत आली. आत दोन गुंडाळ्या असतात: एकीला विजेचा दाब कळतो, दुसरीतून घराचा सगळा प्रवाह जातो. दोघींच्या चुंबकीय ओढीने तबकडी फिरते आणि एक कायमचुंबक तिला ब्रेक लावत राहतो. घरात भार वाढला की तबकडी जोरात. ठरावीक फेऱ्या झाल्या की काट्याचा किंवा आकड्यांचा एक दात पुढे.

यंत्र साधं आणि टिकाऊ, पण शेवटी फिरणारं यंत्र. वर्षानुवर्षं धूळ बसते, टेकू झिजतो, तबकडी जड होते. जड झालेली तबकडी सावकाश फिरते, म्हणजे जुना मीटर बिघडला तर बहुधा ग्राहकाच्या फायद्याच्या बाजूने बिघडतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तबकडीनंतर इलेक्ट्रॉनिक मीटर आले. त्यात काहीच फिरत नाही. एक छोटी चिप सेकंदाला हजारो वेळा दाब आणि प्रवाह मोजते, त्यांचा गुणाकार करते आणि बेरीज करत जाते. ठरावीक बेरीज झाली की लाल दिवा एकदा लुकलुकतो. अनेक घरांत स्मार्ट मीटरच्या आधीच हा मीटर आलेला आहे. अशा घरांत स्मार्ट मीटर लागतो तेव्हा मोजायची पद्धत बदलतच नाही.

गॅसच्या जुन्या मीटरमध्ये भात्यासारख्या दोन-चार पिशव्या असतात. एक भरते तेव्हा दुसरी रिकामी होते, आणि प्रत्येक भरण्या-रिकामं होण्याबरोबर आकडे पुढे सरकतात. कान लावला तर त्यांचा श्वास ऐकू येतो. काही नव्या मीटरांत पिशव्यांऐवजी ध्वनिलहरी असतात: आवाज वायूच्या प्रवाहाबरोबर थोडा लवकर पोचतो, उलट्या दिशेने थोडा उशिरा, आणि त्या फरकावरून वेग काढतात. बरेच स्मार्ट गॅस मीटर मात्र आतून अजूनही तेच भाते आहेत, वर फक्त इलेक्ट्रॉनिक डोकं बसवलंय.

## मग ‘स्मार्ट’ नेमकं काय?

मोजणाऱ्या यंत्राला तीन गोष्टी जोडल्या: घड्याळासकट वही, निरोप पाठवायचं साधन, आणि स्विच.

वहीचा फरक सगळ्यात मोठा. जुना मीटर म्हणजे खात्यातली फक्त शिल्लक सांगणारा. महिन्याकाठी कुणीतरी येऊन शिल्लक बघायचं, मागच्या महिन्याची वजा करायचं. महिन्याच्या आत काय घडलं ते मीटरलाही ठाऊक नसायचं. स्मार्ट मीटर म्हणजे पासबुक. दर अर्ध्या तासाला किंवा दर पंधरा मिनिटांना एक नोंद. अर्ध्या तासाचा हिशेब धरला तर दिवसाला ४८ नोंदी, वर्षाला १७,५२०. पूर्वी वर्षाला बारा आकडे होते. वीज तेवढीच मोजली जाते, पण आता ‘किती’बरोबर ‘केव्हा’ही लिहिलं जातं. या एका ‘केव्हा’तून पुढचे बरेचसे फायदे आणि बरेचसे धोके निघतात.

निरोप पाठवायचे तीन मार्ग रूढ आहेत. इटली आणि फ्रान्समध्ये मीटर विजेच्या तारेतूनच आपला निरोप जवळच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत पाठवतो. काही ठिकाणी मोबाइलसारखं सिमकार्ड असतं. काही ठिकाणी शेजारचे मीटर रेडिओने एकमेकांना निरोप देतात आणि हातोहात तो पुढे जातो. तळघरात, जाड भिंतीमागे किंवा लोखंडी पेटीत मीटर असेल तर निरोप अडतो. तो अडला म्हणजे मोजणी थांबली असं नाही. नोंदी मीटरच्या वहीत साठून राहतात आणि संपर्क जुळला की जातात.

गॅसचा स्मार्ट मीटर यात बिचारा वेगळा पडतो. गॅसच्या जोडणीला विजेची तार नेणं धोक्याचं, म्हणून तो बॅटरीवर चालतो, आणि ती बॅटरी दहा-पंधरा वर्षं पुरवायची असते. त्यामुळे तो बहुतेक वेळ झोपलेला असतो. ब्रिटनमधल्या पद्धतीत तो अर्ध्या तासाने जागा होतो, आपला आकडा विजेच्या मीटरवर बसवलेल्या छोट्या रेडिओ-डब्याकडे देतो आणि पुन्हा झोपतो. मीटरबरोबर तिथे घरात वापर दाखवणारा छोटा पडदा देतात; त्यावर विजेचा आकडा चटाचट बदलतो आणि गॅसचा अर्धा तास ढिम्म राहतो तो यामुळे. तो बिघाड नाही. विजेचा मीटर आधी लावतात आणि गॅसचा नंतर, त्याचंही कारण हेच.

ब्रिटनने एक चूक महागात शिकली. तिथल्या पहिल्या पिढीचे मीटर ग्राहकाने पुरवठादार बदलला की मुके व्हायचे, कारण नव्या कंपनीला जुन्या मीटरशी बोलताच येत नव्हतं. लोक पुन्हा हाताने आकडे कळवू लागले. पुढे सगळ्यांसाठी एकच जाळं केल्यावर ते सुधारलं.

## ‘पण हा मीटर पळतो!’

२००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये स्मार्ट मीटर लागले आणि लोकांची बिलं भराभर वाढली. गदारोळ झाला. नियामकाने स्वतंत्र तपासणी करवून घेतली. २०१० मध्ये अहवाल आला: मीटर बरोबर मोजत होते. उन्हाळा कडक होता, घरं थंड ठेवायला वीज जास्त लागली होती आणि नेमके त्याच सुमारास दरही वाढले होते. अहवालाने आणखी एक गोष्ट नोंदवली. तक्रार घेऊन आलेल्या लोकांना कंपनीने नीट उत्तरं दिली नव्हती. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. मीटर खरा असला तरी तक्रार करणारा खोटा ठरत नाही. बिल का वाढलं हे समजणं हा त्याचा हक्क आहे.

मीटर बदलल्यावर बिल वाढण्याची खरी कारणं बहुधा तीन असतात. जुनी तबकडी झिजून सावकाश झालेली असते आणि आता पहिल्यांदा पूर्ण मोजणी होते. किंवा आधी कित्येक महिने अंदाजे बिल येत होतं आणि मीटर काढताना खरा आकडा समोर येऊन सगळा फरक एकदम अंगावर येतो. तिसरं कारण म्हणजे घरातला अगदी बारीक, सतत चालू असलेला भार. झिजलेल्या तबकडीला इतक्या कमी भारावर हलण्याइतका जोरच मिळत नाही. नव्या चिपला तो दिसतो.

हा बारीक भार किती असतो ते मी एका रात्री मोजलं. माझ्या मीटरवर ‘३२०० इम्प’ असं लिहिलंय, म्हणजे ३२०० वेळा लाल दिवा लुकलुकला की एक युनिट. प्रत्येक मीटरवर असा आकडा असतो, कुठे १००० तर कुठे आणखी काही. आधी सगळं बंद करून फक्त १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा लावायचा ठरवलं. हिशेबाने दर सव्वाअकरा सेकंदांनी एक लुकलुक यायला हवी होती. ती सातव्या-आठव्या सेकंदालाच आली की मी चूक काय ते शोधायला निघे: आधी फ्रीज चालू राहिलेला, मग चार्जर. शेवटी एमसीबी खाली पाडून फक्त त्या दिव्याचीच ओळ चालू ठेवली तेव्हा घड्याळात अकरा, अकरा, पुन्हा अकरा. मीटरवर माझा विश्वास बसला. मग दिवा विझवला, एमसीबी पुन्हा वर केले, फ्रीज बंद ठेवला आणि ‘सगळं बंद’ असलेल्या घरात टॉर्च घेऊन बसून राहिले. छप्पन्न सेकंदांनी लाल दिवा लुकलुकला. पुढच्या छप्पन्न सेकंदांनी पुन्हा. याचा अर्थ वीस वॅट: राउटर, झोपलेला टीव्ही, त्याचा डबा, भिंतीत विसरलेले दोन चार्जर. वीस वॅट म्हणजे काहीच नाही असं वाटतं. वर्षाचे ते १७५ युनिट होतात.

हिशेब कुणालाही करता येईल. छत्तीस लाखाला मीटरवरच्या ‘इम्प’च्या आकड्याने भागा, मग दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा. उत्तर वॅटमध्ये येतं.

मीटर कधीच चुकत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासून निकाल जाहीर केला. वीजबचतीचे दिवे आणि दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर अशी जोडी लावून त्यांनी मुद्दाम प्रवाह खडबडीत केला. पाच मीटरांनी जास्त वीज दाखवली, त्यातल्या सगळ्यात वाईट मापनात ५८२ टक्के जास्त. दोन मीटर ३० टक्क्यांपर्यंत कमीही दाखवत होते. गोंधळ आतल्या सेन्सरच्या प्रकारामुळे होत होता. प्रयोग टोकाच्या परिस्थितीतला होता, रोजच्या घरातला नाही, आणि मीटर २००४ ते २०१४ या काळात बनलेले होते. पण ‘इलेक्ट्रॉनिक आहे म्हणजे अचूकच’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर हा प्रयोग त्याला जरूर सांगा. शंका टिकून असेल तर मूळ मीटरशेजारी दुसरा तपासणी मीटर काही काळ लावून मागणं हा सरळ उपाय आहे. एकच वीज दोन्हींतून जाते, आकडे बाजूबाजूला दिसतात, वादाला जागा उरत नाही.

## ‘आमच्या घरात काय चाललंय ते त्यांना दिसतं का?’

काही अंशी, होय. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिलं होतं की घराच्या एकूण विजेच्या आलेखावरून आत कोणतं यंत्र केव्हा सुरू झालं ते ओळखता येतं. फ्रीजची चढ-उतार वेगळी, धुलाई यंत्राची वेगळी. या तंत्राचा पाळत ठेवायला वापर होऊ शकतो, हा इशाराही त्यांनीच दिला होता.

नोंदी किती जवळजवळच्या आहेत यावर किती दिसेल ते अवलंबून असतं. सेकंदा-सेकंदाची नोंद असेल तर यंत्रं ओळखू येतात. अर्ध्या तासाच्या नोंदीत ती एकमेकांत मिसळून जातात, पण माणसं कधी उठतात, कधी झोपतात, घर चार दिवस रिकामं होतं का, घरात कुणी दिवसभर असतं का, हे त्यातूनही कळतं. महिन्याच्या एका आकड्यातून यातलं काहीच कळत नाही.

ही शंका घेणाऱ्याला भित्रा म्हणून हसण्यावारी नेलं जातं, तेव्हा मला राग येतो. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये मीटर सक्तीचा करणारा कायदा याच कारणासाठी अडवला आणि पुढे ग्राहकाला नकार द्यायची मुभा ठेवावी लागली. अमेरिकेत नेपरव्हिल शहराच्या खटल्यात संघराज्याच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं की सरकारी वीजसेवेने दर पंधरा मिनिटांची नोंद गोळा करणं ही घराची झडतीच आहे. त्या प्रकरणात ती वाजवी ठरली, कारण वापर वीजसेवेपुरताच होता. पण तिला ‘झडती’ म्हटलं गेलं, हे लहान पाऊल नव्हे.

म्हणून मीटर लावायला हरकत घेण्याआधी चार गोष्टी लेखी विचाराव्यात असं मी सुचवते. नोंद किती मिनिटांनी होते आणि त्यातली किती बाहेर जाते? किती वर्षं ठेवतात? पोलीस, विमा कंपनी, जाहिरातदार यांना ती कोणत्या अटीवर मिळते? आणि मला माझी स्वतःची पूर्ण वही फुकट बघता येते का? काही देशांत फक्त दिवसाचा किंवा महिन्याचा आकडा पाठवा, असं ग्राहकाला सांगता येतं. जिथे ही सोय आहे तिथेही ती न मागता कुणी हातात ठेवत नाही.

## स्विच

विजेच्या बहुतेक स्मार्ट मीटरांत पूर्ण घराचा पुरवठा तोडणारा स्विच असतो. त्यामुळे प्रीपेड सोपं होतं: पैसे संपले, स्विच पडला, रिचार्ज केलं, स्विच उठला. शिडी, पक्कड, माणूस काही नको.

पूर्वी थकबाकीसाठी वीज तोडायची तर कुणाला तरी दारात यावं लागायचं. दारात आलेल्या माणसाला आत श्वासाच्या यंत्रावर असलेली आजी दिसायची, तान्हं बाळ दिसायचं, आणि तो हात आखडता घेऊ शकायचा. लांबून पडणाऱ्या स्विचला कुणी दिसत नाही. ब्रिटनमध्ये थकबाकीदार घरांवर जबरदस्तीने प्रीपेड मीटर लादण्याचा प्रकार इतका वाढला की फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या ऊर्जा नियामकाने तो थांबवायला सांगितलं. घरात जाऊन मीटर बदलणं हा त्यातला दिसणारा भाग होता. ज्यांच्याकडे आधीच स्मार्ट मीटर होता त्यांना तर घरात पाऊलही न टाकता, लांबूनच प्रीपेडवर टाकता येत होतं. नंतर वयोवृद्ध आणि आजारी लोकांसाठी नियम आले.

तंत्र वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ज्याला रोजच्या कमाईतून थोडं थोडं भरायचं असतं त्याला प्रीपेड बरं पडतं. पण पैसे संपल्यावर रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी वीज जाते का, आधी किती वेळा सूचना येते, घरात वैद्यकीय उपकरण असल्याची नोंद कुठे करायची, हे मीटर लागण्याआधी ठाऊक हवं. अंधारात बसून फोन लावायची पाळी येण्याआधी.

याच स्विचचा दुसरा धोका केंब्रिज विद्यापीठातल्या रॉस अँडरसन आणि शैलेंद्र फुलोरिया यांनी २०१० मध्ये मांडला होता. कोट्यवधी घरांचे स्विच एका ठिकाणाहून चालत असतील तर त्या ठिकाणी घुसलेला हल्लेखोर देशभर अंधार करू शकतो. म्हणूनच मीटरला मिळणारा प्रत्येक हुकूम कुलूपबंद आणि सहीशिक्क्यासह यावा लागतो. ती कुलपं किती चांगली आहेत हे ग्राहकाला तपासता येत नाही, त्यासाठी नियामकानेच जागं राहायला हवं.

गॅसच्या बाबतीत अभियंत्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली आहे. समजा शेगडी पेटलेली असताना लांबून गॅस तुटला. ज्योत विझली, शेगडीची कळ तशीच उघडी. दोन तासांनी लांबूनच गॅस सुरू केला तर बंद घरात वायू भरत जाईल. म्हणून नीट बनवलेल्या मीटरचा व्हॉल्व्ह लांबून बंद होतो, पण उघडायला घरातल्या माणसाने स्वतः बटण दाबावं लागतं. दाबल्यावरही मीटर थोडा वेळ बघतो की गॅस कुठे वाहतोय का. वाहत असला तर पुन्हा बंद.

## किरणांचं काय?

मीटर रेडिओने बोलतो, तेव्हा रेडिओलहरी असतातच. पण तो दिवसभरात थोडे सेकंद किंवा मिनिटं बोलतो आणि भिंतीवर, चार हात लांब असतो. अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता चौथाईवर येते. कानाला लावलेल्या मोबाइलशी याची तुलनाच होत नाही. घरात मोबाइल असताना मीटरच्या किरणांनी झोप उडवून घेऊ नये.

## फायदा कुणाचा?

सगळ्यात मोठा फायदा कंपनीचा, आणि हे मान्य करायला हरकत नसावी. रीडिंग घ्यायला माणूस पाठवावा लागत नाही, म्हणजे त्या माणसाची रोजी गेली हेही त्याच वाक्यात म्हटलं पाहिजे. ट्रान्सफॉर्मरमधून निघालेली वीज आणि त्यावरच्या सगळ्या घरांच्या मीटरांची बेरीज यांचा मेळ घातला की चोरी कुठल्या गल्लीत होते ते कळतं. वीज गेली की अनेक मीटर शेवटच्या दमात ‘गेली’ एवढा निरोप पाठवतात, त्यामुळे बिघाड लवकर सापडतो. हा फायदा ग्राहकालाही मिळतो. अंदाजे बिलं बंद होतात, तोही मिळतो.

बचत मात्र मीटरने आपोआप होत नाही. ब्रिटनमधल्या सरकारी पाहणीत वीज आणि गॅस, दोन्हींत बचत तीन टक्क्यांच्या आसपास निघाली. जर्मनीने तर २०१३ च्या अभ्यासानंतर ठरवलं की थोडी वीज वापरणाऱ्या घरांना सरसकट मीटर लावण्यात खर्च जास्त आणि लाभ कमी. म्हणून आधी वर्षाला ६००० युनिटांहून अधिक वापरणाऱ्यांकडे लक्ष दिलं.

खरा पैसा ‘केव्हा’त आहे. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणं महाग पडतं. ज्या क्षणी मागणी त्याच क्षणी पुरवठा लागतो, आणि संध्याकाळच्या गर्दीसाठी महागडी केंद्रं चालवावी लागतात. आता मीटरला वेळ कळते, म्हणून वेळेप्रमाणे दर लावता येतात. धुलाई यंत्र, गिझर, गाडीचं चार्जिंग स्वस्त तासांत हलवता आलं तर बिल उतरतं. पण ज्या घरात संध्याकाळी सहाला सगळे परततात आणि सातला चूल पेटते, त्यांनी काय हलवावं? मीटरबरोबर दर कोणते येणार आहेत, जुना सरळ दर ठेवता येतो का, हे विचारणं मीटरच्या अचूकतेपेक्षा जास्त कामाचं आहे.

## बसवायच्या दिवशी

काम तासा-दोन तासांचं. वीज थोडा वेळ जाते, म्हणून संगणक आधी बंद करा आणि फ्रीजचं दार उघडू नका. मीटरपुढचं सामान हलवून ठेवा.

विजेचं काम करताना जुन्या वायरींची टोकं बघायला सांगा. सैल स्क्रूपाशी तार तापते, काळी पडते. मीटर बदलताना ती टोकं उघडी होतात, तेव्हा बघून घ्यायची संधी सोडू नये. नव्या मीटरवर स्क्रू घट्ट आहेत आणि सील लागलंय हे नजरेखालून घाला.

गॅसच्या वेळी माझ्याकडे आलेल्या मुलाने मीटर लावल्यावर पाइपला यू आकाराची काचेची नळी जोडली, आत पाणी. पुरवठा चालू करून नळीतलं पाणी एका बाजूला चढू दिलं, मग मुख्य कळ बंद केली आणि घड्याळ लावलं. मी काही विचारायला गेले तर म्हणाला, ‘ताई, दोन मिनिटं थांबा. पाणी हललं तर गळती आहे.’ आम्ही दोघं त्या रेघेकडे बघत उभे राहिलो. ती हलली नाही. हा तपास केल्याशिवाय कुणी निघू लागलं तर त्याला थांबवा, उशीर होत असला तरी. नंतर प्रत्येक शेगडी आणि गॅसचा गिझर त्याच्यासमोर पेटवून बघा.

आणि सगळ्यात आधी, जुना मीटर भिंतीवरून निघण्यापूर्वी त्याचा फोटो काढा: आकडा आणि मीटर नंबर दोन्ही स्पष्ट दिसतील असा. तो मीटर एकदा पोत्यात गेला की त्यावरचा शेवटचा आकडा पुन्हा बघता येणार नाही. नव्या मीटरचाही सुरुवातीचा आकडा टिपा. तो शून्याच्या आसपास असतो, पण तंतोतंत शून्य नसेल तर गोंधळू नका, कारखान्यातल्या चाचणीत थोडा पुढे गेलेला असतो. पहिलं बिल दोन तुकड्यांत यायला हवं: मागच्या रीडिंगपासून जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्यापर्यंत एक, आणि नव्याच्या पहिल्या आकड्यापासून पुढे दुसरा. फोटो समोर ठेवून हे दोन्ही तुकडे जुळवून बघा. चूक असेल तर बहुधा इथेच असते, कारण हे आकडे अजून माणसाच्या हातानेच लिहिले जातात.